आजीचा हात

विघ्नराजांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, डाव्या मनगटाचं बटण सोडलं आणि शर्टाची बाही कोपराच्या वर सारली.

"बघा, डॉक्टरबाई. हा डाग माझ्या आजीने दिलेला. आता त्याचे बघा. मग लिहा काय लिहायचं ते."

तपासणीच्या टेबलावर नल्लैया पालथे झोपले होते. त्यांनी आपलाच शर्ट डोक्यावरून ओढून घेतला होता. पन्नाशीचा माणूस, किलिनोच्चीजवळच्या एका गावात पोस्टमास्तर होता. तीन मुलींचा बाप. एका अनोळखी बाईसमोर उघड्या पाठीने पडून राहायचं म्हणून त्याने तोंड झाकलं होतं. मीही शक्य तितकं कमी बोलत होते.

टोरोंटोच्या पूर्वेला, स्कारबरोमध्ये, कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर माझं लहानसं क्लिनिक होतं. विघ्नराजांचं वकिलीचं ऑफिस समोरच्या साडीच्या दुकानावर. श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांच्या केसेस ते चालवत. ज्याच्या अंगावर खुणा असत त्याला माझ्याकडे पाठवत. खुणा कशाच्या असाव्यात एवढंच मी लिहून द्यायची. निर्वासितांचे अर्ज ठरवणाऱ्या सरकारी बोर्डाचे लोक सुनावणीत त्यावरून प्रश्न विचारत. नल्लैयांना सैन्याने धरून नेलं होतं. बोर्डाने विश्वास ठेवला तर इथे राहायचं, नाही तर परत.

अडचण मीच काढली होती. मी अमरावतीची. इंटर्नशिप मेळघाटात केली. तिथे आजारी मुलाच्या पोटावर विळा तापवून डाग देतात. असे कितीतरी डाग मी पाहिले होते. तमिळ खेड्यांतही ही चाल आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं होतं, "भाजल्याच्या खुणा आहेत हे खरं. पण हे घरगुती डागही असू शकतात. तशी शक्यता मला लिहावी लागेल."

त्यावर वकीलसाहेबांनी कोट काढला.

मी भिंग आणि पट्टी घेतली. विघ्नराजांच्या हातावर एकच लांबट, सरळ खूण होती. पांढुरकी, मऊ, कातडीत मिसळून गेलेली. लहानपणी झालेली जखम अंगाबरोबर वाढते, ताणली जाते, कडा विरतात. ही तशीच होती.

"कशाने दिला?"

"उलथनं. तापवून त्याची कड. मला कावीळ झाली होती. मामीने पाय धरले, आजीने हात धरला. मी चार वर्षांचा. आजी डाग देताना माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होती, असं आई सांगायची."

मग मी नल्लैयांची पाठ पाहिली. गोल खुणा, एकीवर एक चढलेल्या. काही जाड, उचललेल्या. कंबरेखाली, मांड्यांच्या मागे. मोठ्या वयात झालेल्या. तिथे आणि तशा कुठलीही आजी डाग देत नाही.

"फरक आहे," मी म्हटलं. "स्पष्ट आहे. मी तसं लिहीन."

शर्टाखालून नल्लैया तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले. विघ्नराजा खो खो हसले.

"काय म्हणाले?"

"म्हणतो, वकिलाची आजी मिलिटरीत असती तर लढाई एका आठवड्यात संपली असती."

मीही हसले. टेबलावरची पाठ हसण्याने हलत होती. मग ती हलायची थांबली आणि नल्लैया पुन्हा बोलायला लागले, हळू आवाजात, बराच वेळ. विघ्नराजा बाही खाली करत होते, ते तसेच थांबले.

"म्हणतो," ते म्हणाले, "तिसऱ्या चटक्याला मी शेजाऱ्याचं नाव सांगितलं. शेजाऱ्याने काही केलं नव्हतं. शेजारी परत आला नाही. त्याची बायको माझ्या बायकोला अजून विचारते, काही कळलं का."

मी पट्टी खाली ठेवली. "हे... हे मी लिहायची गरज नाही. तुम्ही मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"त्याने सांगितलं, म्हणजे तुम्ही ऐकायला पाहिजे." विघ्नराजांचं मराठी पुण्याच्या मेसमध्ये शिकलेलं होतं, पण त्या वाक्यात ते कुठे अडखळले नाहीत. "दुभाष्याने गाळायचं नाही आणि मऊ करायचं नाही. आज मी मऊ केलं, की उद्या बोर्ड म्हणणार, मऊच आहे."

नल्लैयांची केस मान्य झाली. पुढच्या वर्षी बायको-मुली आल्या.

विघ्नराजांची आणि माझी ओळख या मराठीवरच टिकली. कायदा शिकायला ते श्रीलंकेतल्या जाफन्याहून पुण्याला गेले ते तिकडची लढाई पेटायच्या आधी. पहिल्या दिवशी मेसच्या दामलेकाकूंनी नाव विचारलं आणि म्हणाल्या, "विघ्नराजा? अरे, मग तू गणपतरावच की!" तेव्हापासून ते गणपतराव. मीही थट्टेत तसंच म्हणायची. ते पुण्यात असताना त्यांचं घर जळलं, थोरला भाऊ नाहीसा झाला. मग ते पुण्याहून सरळ टोरोंटोला आले, हॉटेलात भांडी घासली, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि वकील झाले. मला एकदा म्हणाले, "डॉक्टरबाई, दिवसभर मी लोकांचा मार ऐकतो. मला आयुष्यात कोणी एक चापट मारली नाही." त्यांनी ते असं सांगितलं, की जणू ती एखादी चोरी होती.

पुढे दहा-अकरा वर्षांनी ते राजकारणात उतरले.

प्रांताच्या विधानसभेसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे आमच्या भागातले पक्षाचे सभासद मत देऊन ठरवणार होते. रविवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा होती. भिंतीला बास्केटबॉलच्या जाळ्या, खाली घड्या घालायच्या खुर्च्या. एका टेबलावर विघ्नराजांच्या लोकांनी वडे ठेवले होते, दुसऱ्या टेबलावर विरोधी उमेदवाराच्या लोकांनी डोनट. लोक दोन्ही टेबलांवर सारख्याच प्रामाणिकपणे खात होते.

मी पुढच्या रांगेत बसले. शेजारी नल्लैया आले. आता ते ज्येष्ठांच्या संघाचे अध्यक्ष होते, दुकानाचे मालक होते, गुडघे गेले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सोनेरी जरीची शाल दिसत होती. तमिळ सभेत मानाच्या माणसाला अशी शाल पांघरतात. तिला पोन्नाडै म्हणतात.

"डॉक्टर," ते इंग्रजीत म्हणाले, "गुरुवारी सुनावणी. माझ्या बहिणीचा मुलगा."

"हो. माझा रिपोर्ट गेलाय. बोलावलं तर मी येणार आहे."

"चांगला रिपोर्ट?"

"खरा रिपोर्ट."

त्यांनी समाधानाने मान हलवली. भाच्याची पाठ मी दोन आठवड्यांपूर्वी पाहिली होती. मामाच्या पाठीसारखीच होती. या वेळचा बोर्डाचा माणूस कडक होता. अशा खुणा लोक स्वतः करून घेतात, असं तो भर सुनावणीत म्हणाला होता.

विरोधी उमेदवारही तमिळच होता, हिशेबनीस. त्याचं भाषण बेताचं झालं. पण त्याच्या लोकांनी महिनाभर एक गोष्ट पसरवली होती: जाफना जळत होतं तेव्हा वकीलसाहेब पुण्यात श्रीखंड खात होते.

विघ्नराजा बोलायला उभे राहिले. शाळा, बस, भाडेकरूंचे हक्क. चांगलं बोलत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी तमिळमध्ये ओरडलं. मग इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "तेव्हा तू कुठे होतास?"

"मी पुण्यात होतो," विघ्नराजा म्हणाले. "मी विद्यार्थी होतो. मी कधीही..."

"श्रीखंड!" मागून आणखी एकजण. हशा पिकला.

विघ्नराजांचा मेहुणा कुगन प्रचाराचं काम बघायचा. तो ताडकन पुढे आला आणि त्याने माइक हातात घेतला.

"हा माणूस सांगणार नाही. त्याला फुशारकी आवडत नाही. पण मी सांगतो. त्याचा डावा हात बघा. सैन्याच्या सळईचा डाग आहे त्याच्यावर. आयुष्यभर पूर्ण बाह्यांखाली लपवलाय त्याने. दाखव. आज दाखव!"

मागच्या रांगांतून माना उंच झाल्या.

विघ्नराजांनी कुगनकडे पाहिलं. मग त्यांची नजर पुढच्या रांगेकडे आली. मी होते, नल्लैया होते. त्या हातावर भिंग धरलेली मी, आणि त्या आजीवर विनोद केलेला माणूस. मला वाटलं, आता ते हसतील. म्हणतील, कुगन, ही तर माझ्या आजीची करामत. लोक हसले असते. कदाचित त्यावरच जिंकलेही असते.

"काय करू?" त्यांचे ओठ हलले. मराठीत. त्या सभेत ते फक्त मला कळलं असतं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी मनगटाचं बटण सोडलं आणि बाही कोपराच्या वर सारली. अगदी त्या दिवशी क्लिनिकमध्ये सारली होती तशी, तीन घड्या घालून. मग हात वर केला.

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. लोक उभे राहत होते. माझ्या दुसऱ्या बाजूला शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, गोऱ्या, पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुम्ही डॉक्टर आहात ना? तुम्ही तर असल्या खुणा बघता. किती भयंकर मारलं असेल त्यांना!"

"मी त्यांची डॉक्टर नाही," मी म्हटलं.

समोर एक तरुण बातमीदार खाली वाकून कॅमेरा नीट करत होता. विघ्नराजांचा हात अजून वरच होता. दिव्याच्या उजेडात तो डाग चांगला दिसत होता. मऊ, पांढरा, कडा विरलेला. कोणीही जाणकार फोटोवरूनसुद्धा ओळखेल असा.

माझ्या शेजारची पिशवी खरखरली. नल्लैया उठले होते. एका हाताने माझ्या खुर्चीची पाठ धरत, दुसऱ्या हातात शाल, ते मंचाकडे निघाले. तीन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. कोणीतरी हात द्यायला धावलं, तो त्यांनी झटकला. वर जाऊन त्यांनी शाल झटकून उलगडली. खांद्यावर टाकायची ती शाल त्यांनी विघ्नराजांच्या वर केलेल्या हातावर टाकली, मनगटापासून दंडापर्यंत लपेटली, हात खाली ओढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मग दोघं सभेकडे तोंड करून उभे राहिले. फोटो निघाला तो असा.

टाळ्यांनी छत हललं. एक म्हातारा आपल्या वकिलाचा मान करतोय, असंच सगळ्यांना दिसलं. मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माझे हात मांडीवर होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही उठले.

ते जिंकले. मग विधानसभेची निवडणूकही जिंकले आणि तिच्या पुढचीही. भाडेकरूंच्या कायद्यासाठी ते चार वर्षं भांडले आणि तो करून घेतला. न्यायालयांत आणि सुनावणीत दुभाष्यांना शिक्षण आणि नीट पगार मिळावा म्हणून त्यांनी विधानसभेत केलेलं भाषण मी दोनदा ऐकलं. त्यात खोटं काही नव्हतं. जुलैच्या उन्हात रस्त्यावरच्या जत्रेत सगळे आमदार अर्ध्या बाह्यांत फिरायचे. हे पूर्ण बाह्या घालून, मनगटाचं बटण लावून, घामाने निथळत. लोक म्हणायचे, बघा, अजून लपवतात. डागाबद्दल त्यांनी पुन्हा कुठे एक शब्द काढला नाही, आणि म्हणून लोकांचा त्याच्यावर अधिकच विश्वास बसला. गेल्या हिवाळ्यात ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या सभेत एका तरुण मुलीने त्या डागावर कविता वाचली. मी मागच्या रांगेत होते.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं, मतमोजणीनंतरचं.

मी शाळेच्या मागच्या दाराने बाहेर पडले. गाड्या तिकडे उभ्या होत्या. एप्रिल महिना, कडेला काळपट बर्फाचे ढीग राहिले होते. आतून ढोलाचा आवाज येत होता. दार उघडलं आणि विघ्नराजा बाहेर आले. गळ्यात हार, डाव्या हातावर अजून ती शाल.

"डॉक्टरबाई. थांबा."

मी थांबले.

"कुगन बोलला. मी नाही बोललो."

मी पर्समधून गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"मी एक शब्द बोललो का? सांगा. मी फक्त..." त्यांना पुढचं सापडलं नाही. "त्यांना वाटतं की मी त्यांचा नाही. इतकी वर्षं. प्रत्येक केसच्या वेळी, प्रत्येक माणूस बघतो माझ्याकडे. तू कुठे होतास?"

"गणपतराव, मला गाडी काढायची आहे."

दार पुन्हा उघडलं. नल्लैया होते. त्यांनी दार मागे नीट लावून घेतलं, ढोल बंद झाल्यासारखा झाला. ते आमच्यापर्यंत आले आणि विघ्नराजांशी तमिळमध्ये बोलले. आवाज चढला नव्हता. मग माझ्याकडे बोट केलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही. आमचं आपसातलं आहे."

नल्लैयांना मराठी येत नव्हतं, पण उत्तर किती आखूड झालं ते त्यांना कळलं. ते पुन्हा बोलले. या वेळी एक इंग्रजी शब्द घालून. "इंटरप्रेट."

विघ्नराजांनी हार काढून हातात घेतला. क्लिनिकमध्ये उभे राहायचे तसे ते आम्हा दोघांच्या मधे, जरा बाजूला उभे राहिले.

"विचारतो," ते म्हणाले, "गुरुवारी बोर्डाने तुम्हाला विचारलं, की आजीचा डाग आणि मिलिटरीचा डाग वेगळा ओळखता येतो का, तर तुम्ही काय सांगणार?"

"ओळखता येतो. तेच सांगणार."

त्यांनी ते तमिळमध्ये सांगितलं. नल्लैया बोलले.

"म्हणतो, आज एवढ्या माणसांनी आजीचा डाग बघितला आणि मिलिटरीचा म्हणून टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पुढे बसली होती. उघड्या हाताचा फोटो पेपरात आला असता आणि बोर्डाच्या माणसाने बघितला असता, तर तुमच्या रिपोर्टला कोण विचारणार होतं?"

मी खाली बर्फाकडे बघत राहिले.

"म्हणतो..." ते थांबले. "म्हणतो, शाल मी वकिलाच्या मानासाठी घातली नाही. माझ्या भाच्याची पाठ झाकली. वकिलाला असं वाटायला नको, की मी त्याला माफ केलं."

आतून कोणीतरी "अण्णा! वकीलअण्णा!" म्हणून हाका मारत होतं. विघ्नराजांनी दाराकडे पाहिलं, पण ते हलले नाहीत. नल्लैया अजून बोलत होते. हे शेवटचं बोलणं लांब होतं आणि हळू होतं. बोलता बोलता त्यांनी शाल जराशी सरकवली, तो डाग उघडा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला, पोस्टात तिकीट चिकटवताना फिरवतात तसा. मग शाल पुन्हा सारखी केली.

विघ्नराजांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"काय म्हणाले?"

"जाऊ द्या, डॉक्टरबाई."

नल्लैया वाट बघत होते. त्यांनी विघ्नराजांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहत राहिले. मीही थांबले. गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात होत्या. निघून गेले असते तर त्या दोघांचं ते दोघांतच राहिलं असतं.

"म्हणतो," विघ्नराजांनी सुरुवात केली. ते एकेक शब्द शोधत होते, पण एकही सोडत नव्हते. "म्हणतो, मी मार खाल्ला आणि शेजाऱ्याचं नाव दिलं. ती माझी लाज. ती मी या बाईला सांगितली. कोणी विचारलं तर अजून सांगतो. तुला कोणी मारलं नव्हतं. कोणी तुझ्याकडे नाव मागितलं नव्हतं." त्यांनी श्वास घेतला. "तुझ्या आजीने तू जगावा म्हणून डाग दिला. रडत रडत दिला. आज तू तिचा हात मिलिटरीला दिलास."

नल्लैयांनी माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. सगळं आलं का?

मी मान हलवली. सगळं आलं होतं. त्यांनी काहीही गाळलं नव्हतं, आणि काहीही मऊ केलं नव्हतं.